लीगच्या स्टॉलची बोणी

रुपयाएवढा एक बिल्ला होता, निळ्या मिन्याचा. त्यावर पेटती पणती आणि पणतीखाली इंग्रजीत 'सेवा' असा शब्द. शाळेच्या सोशल सर्विस लीगची जी सेक्रेटरी असेल तिने तो दावणीवर, म्हणजे परकरावर नेसायच्या अर्ध्या साडीच्या पदरावर, डाव्या खांद्यापाशी लावायचा असे. १९५८ साली बंगळूरच्या त्या मुलींच्या हायस्कुलात शिकणाऱ्या प्रेमाला हा बिल्ला इतका हवा होता, की रात्री झोपतानाही तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडे जाई. सेवेची हौस तिला नव्हती असं नाही. पण बिल्ला आधी आणि सेवा मागाहून, असा तिच्या मनातला क्रम होता, आणि या क्रमात काही गैर आहे हे तिच्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

त्या वर्षी जुन्या सेक्रेटरीचं मध्येच लग्न ठरलं. ती शाळा सोडून मदुराईला गेली आणि बिल्ला हेडमिस्ट्रेस मिसेस शेषगिरींच्या टेबलाच्या खणात जाऊन पडला. बाईंनी जाहीर केलं, की फॅन्सी फेअर पार पडू दे, कोण कसं काम करतं ते पाहू आणि मग बिल्ला कोणाला द्यायचा ते ठरवू. पाचव्या फॉर्ममधल्या दोघी जणी त्याला पात्र होत्या. एक प्रेमा आणि दुसरी कल्पना.

प्रेमाचं घराणं मराठी, बंगळूरच्या चिकपेट बाजारातलं. तीन पिढ्या कापडाचं दुकान. वडील नरसिंगराव, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, गादीवर बसून खण, लुगडी आणि परकराचं कापड विकत. प्रेमा लहानपणी त्याच गादीच्या कोपऱ्यात बसून पाढे पाठ करायची, त्यामुळे तिला सतराचा पाढा आणि निघालेल्या गिऱ्हाइकाला परत कसं फिरवायचं हे दोन्ही एकदमच आलं. आवाज असा, की दुकानातून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला कॉफीवाला 'आलो अक्का' म्हणायचा. लीगमध्ये तिला घेतलं ते या आवाजासाठीच. दर शुक्रवारी सगळ्या मुली वेणीला निळी रिबीन लावून येत, प्रार्थनेनंतर लीगचा जयघोष करत, आणि घरून आणलेले मूठमूठ तांदूळ अनाथाश्रमासाठी एका मोठ्या डब्यात टाकत. डब्यापाशी प्रेमा उभी असायची.

"एवढीशी मूठ? बोटं मिटलीयस की नाही? घाल आणखी, होतंय की."

एकदा एक लहान मुलगी रडली. मिसेस शेषगिरींनी प्रेमाला बोलावून सांगितलं, की बाळ, ही दानाची पेटी आहे, जकातनाका नव्हे. प्रेमाने मान खाली घातली. पण त्या शुक्रवारी डबा काठोकाठ भरला होता, आणि हे बाईंनी पाहिलं की नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

कल्पना अगदी वेगळी. तिचे वडील श्रीधरराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले, राहायला गावाबाहेरच्या कॉलनीत. कल्पना कारखान्याच्या बसने शाळेत यायची. छापल्यासारखं अक्षर, कडक इस्त्रीची दावणी, इंग्रजी तर असं की मिसेस शेषगिरीसुद्धा तिच्याशी बोलताना जरा सावरून बसत. मराठीही तसलंच, कडक इस्त्रीचं. प्रेमा 'स्वल्प थांब गं' म्हणाली की कल्पना 'थोडं' म्हणून हळूच दुरुस्त करायची. पण तिच्यात एक उणीव होती. कोणापुढे हात पसरायची वेळ आली की ती लाजेने लाल व्हायची. झेंडा दिनाला तिने कागदी झेंडे विकले नाहीत. सगळे स्वतःच्या खाऊच्या पैशांतून विकत घेतले आणि घरी नेऊन ठेवले.

"सेक्रेटरीला मागता आलं पाहिजे," प्रेमा आपल्या मैत्रिणीला, प्रतिमाला, सांगायची. "नुसतं लिहून काय होतंय?"

फॅन्सी फेअर होती सरकारी इस्पितळातल्या बाळंतिणींच्या वॉर्डासाठी. तिथे पाळणे नव्हते. बाळं आयांच्या कुशीत, अरुंद खाटांवर झोपत. लीगला तिथे लोखंडी पाळणे द्यायचे होते. त्यासाठी मुली सहा महिने खपल्या. लोणची घातली, कागदी फुलं केली. चौथ्या फॉर्मच्या मुलींकडून शिवणाच्या बाईंनी कुठल्याशा विलायती मासिकात पाहून लोकरीच्या टी-कोझी विणून घेतल्या. टी-कोझी म्हणजे चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर घालायची टोपी. या टोप्या कोंबडीच्या आकाराच्या होत्या, लाल तुरा, मण्यांचे डोळे. सगळं गाव कॉफी पिणारं. त्यात चहाच्या किटलीची टोपी घेणार कोण, हा प्रश्न शिवणाच्या बाईंना विचारायला कोणी धजलं नाही. टोपलीभर कोंबड्या तयार झाल्या.

आणि टेबलक्लॉथ. तो या फेअरचा मुकुटमणी. पांढऱ्या कापडावर लीगच्या प्रत्येक मुलीने कशिद्याची एकेक वेल काढली होती, आणि मधोमध खुद्द मिसेस शेषगिरींनी दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी भरला होता. दोहोंपैकी डावं डोकं जरासं तिरळं झालं होतं, पण तसं म्हणायची शाळेत कोणाची छाती नव्हती. हा टेबलक्लॉथ विकायचा नव्हता. एका बड्या अधिकाऱ्यांच्या पत्नी, पुष्पावती अम्मा, पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. त्यांच्या हस्ते दुपारी शामियान्यात त्याचा लिलाव व्हायचा होता. निम्मे पाळणे त्या एका कापडावर अवलंबून होते.

स्टॉल प्रेमाकडे आला. कल्पना दहा वाजल्यापासून फाटकाशी, पाहुण्यांना फुलं द्यायला. प्रेमाला यात स्वतःचा विजय दिसला. स्टॉलला काहीतरी कमी आहे असं वाटून तिने अण्णांच्या दुकानातली जुनी पाटी आणून लावली. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' कन्नड, इंग्रजी, मराठी, तिन्ही भाषांत.

निघताना अण्णांनी एकच गोष्ट सांगितली. "बोणी चांगली कर. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती सोडायचं नाही."

सांगायची गरजच नव्हती. बोणी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हा चिकपेटेतला धर्मच. पुण्याकडे तिलाच भवानी म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक काही न घेता पायरी उतरलं तर तो दिवस गेला. अण्णा एकदा अशाच एका बाईच्या मागे हातात लुगडं घेऊन रस्ताभर धावले होते आणि खरेदीच्या भावाखाली देऊन आले होते. आजोबा तर दुकानच बंद करून घरी येऊन झोपत. एका दिवसाच्या विक्रीची ही तऱ्हा. मग अख्ख्या फॅन्सी फेअरची बोणी बिघडली तर? प्रेमाच्या डोळ्यांपुढे पाळणे नसलेला वॉर्ड उभा राहिला, आणि त्याहून स्पष्टपणे, बिल्ला नसलेला खांदा.

फाटक उघडलं तेव्हा स्टॉल सजून तयार होता. टेबलक्लॉथ प्रेमाने मुद्दाम समोर अंथरला होता, गिऱ्हाइकाची नजर खेचायला. प्रतिमा पाणी आणायला गेली होती. आणि मैदानातून एक बाई एकट्याच चालत आल्या. नारायणपेठी साडी, हातात काळी छत्री आणि कापडी पिशवी. समारंभ अकराचा, आणि या नऊलाच हजर.

बाईंनी कोंबडी उचलली, उलटी केली, आत पाहिलं. "हे काय गं बाई भलतंच?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मराठीत!

प्रेमाला कोण आनंद झाला. "या की बाई! टी-कोझी हाय ती. चहा गरम राहतंय बघा."

"अगंबाई, मराठी का तुम्ही?"

"होय की. तीन पिढ्या झाल्या हितं."

"हो का? वाटलं नाही हो," बाई म्हणाल्या. कोंबडी त्यांनी जागेवर ठेवली. "चहा आम्ही पातेल्यातून सरळ कपात गाळतो आणि पितो. गार व्हायला ठेवतंय कोण?"

"मग लोणचं घ्या. आंब्याचं."

"विकतचं लोणचं?" बाईंचा चेहरा असा झाला, की प्रेमाने बाटली झटकन मागे घेतली. कागदी फुलांवर धूळ बसते म्हणाल्या. क्रोशाची झालर त्यांनी स्वतः याहून बारीक विणली होती. शेवटी त्यांची नजर टेबलक्लॉथवर गेली. चिमटीत कापड धरून त्यांनी उलट बाजूचे टाके पाहिले.

"हा कसा दिला?"

"तो विकायचा नाही बाई. लिलावाचा हाय."

"बरं. मग येते मी," असं म्हणून बाईंनी छत्री काखेत मारली आणि पाठ फिरवली.

पहिलं गिऱ्हाईक चाललं होतं. तेही पिशवी रिकामी हलवत.

"स्वल्प थांबा बाई! कोंबडी एक रुपयाला देते. बारा आण्याला! तुम्ही म्हणाल त्या भावाला!"

बाई थांबल्या. वळल्या. या पोरीला काहीतरी टोचतंय, हे त्या माउलीने एका नजरेत ओळखलं. भाजीबाजारात वीस वर्षं घासाघीस केलेल्या बाईला तेवढं कळतंच. "कोंबडी नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "घेतलंच तर हे कापड घेईन. पण हा पक्षी तिरळा आहे."

"तो गंडभेरुंड हाय बाई, मॅडमनी स्वतः..."

"कोणी का असेना. सव्वादोन देते. बघ, नाहीतर चालले."

पुढे जे झालं ते प्रेमाने केलं असं म्हणणं कठीण आहे. तिच्या हातांनी केलं. हातांनी टेबलक्लॉथ ओढला, झटकला, चौघडी घातली, कागदात गुंडाळला, सुतळी बांधली. हातांनी सव्वादोन रुपये घेतले, डोळ्यांना लावले, कात्रीला टेकवले आणि डब्यात टाकले. नाणी डब्यात वाजली तेव्हा प्रेमा भानावर आली. तोवर नारायणपेठी साडी शामियान्याआड दिसेनाशी झाली होती.

आणि बोणी फळली! हे मान्य करायलाच हवं. पुढचे तीन तास स्टॉलपाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रेमाने चिकपेटेच्या रीतीने सगळ्याचे भाव दुप्पट सांगितले आणि घासाघीस करून खाली आणले. बायका दीड भावाने घेऊन स्वस्तात पडलं म्हणत खुशीत गेल्या. लोणची संपली, फुलं संपली, झालर संपली. कोंबड्या तेवढ्या टोपलीत मण्यांचे डोळे वटारून बसल्या होत्या.

"प्रेमा," प्रतिमा म्हणाली, "टेबलक्लॉथ कुठाय?"

"बोणी झाली."

"म्हणजे?"

प्रेमाने सांगितलं. प्रतिमा खुर्चीवर बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. "सव्वादोन? मॅडमचा पक्षी सव्वादोनला? मेलीस तू. बिल्ला राहू दे, शाळेत तरी ठेवतील का तुला?"

तेव्हा कुठे प्रेमाच्या कानामागे घाम फुटला. स्टॉल प्रतिमाच्या गळ्यात टाकून ती मैदानभर धावत सुटली. बाई सापडल्या. झाडाखालच्या बाकावर बसून घरून आणलेला डबा खात होत्या. शेजारी पुडकं.

"बाई, ते कापड परत द्या. चूक झाली. तुमचे पैसे घ्या."

बाईंनी पोळीचा घास नीट चावून गिळला. "परत? अगं, तुझ्याच दुकानावर पाटी आहे ना? विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शुद्धलेखन बरोबर होतं, म्हणून लक्षात राहिली."

"ती... ती अण्णांची पाटी हाय."

"मग अण्णांना विचार."

प्रेमा रडायच्या बेतात आली, इतक्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आई! तू कधी आलीस?"

कल्पना. हातात फुलांची परडी. प्रेमाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. तेच नाक, तीच इस्त्री.

"तुझ्यामागच्या बसने आले. त्यानंतर दुपारपर्यंत बस नाही," बाई, म्हणजे सुनंदाबाई, म्हणाल्या. "आणि हे बघ काय मिळालं. सव्वादोन रुपयांत!"

कल्पनाने पुडक्याचा कोपरा उचलून पाहिला आणि तिच्या हातून परडी निसटली. "आई, हा लिलावाचा आहे! पाहुण्यांच्या हातून व्हायचा लिलाव! देऊन टाक गं."

"देऊन टाक काय? चोरलाय का मी? दाम मोजून घेतलाय. बोलणी करून घेतलाय."

"आई, सगळ्यांना कळेल तू सव्वादोनला..."

"मग कळू दे! त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

पण हे म्हणताना सुनंदाबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. लीगच्या प्रेमाने लिलावाचा टेबलक्लॉथ घेऊन ताबडतोब शामियान्यात यावं.

शामियान्यात खुर्च्या भरल्या होत्या. मिसेस शेषगिरी मंचावर उभ्या आणि शेजारी पुष्पावती अम्मा, जाड काचांच्या चष्म्याच्या, हसतमुख. प्रेमा रिकाम्या हातांनी पायऱ्या चढली.

"कुठे आहे?" मिसेस शेषगिरींनी कन्नडमध्ये, हसू न ढळू देता विचारलं.

"गेला मॅडम. विकला गेला."

हसू ढळलं. "लिलावाआधी? कोणी घेतला?"

प्रेमाने बोट दाखवलं. सुनंदाबाई नुकत्याच मागच्या रांगेत येऊन टेकल्या होत्या.

"केवढ्याला?"

खरं सांगितलं तर बिल्ला गेला. खोटं सांगावं तर डबा स्टॉलवरच होता, कोणीही पैसे मोजून पाहिले असते. आणि मग पुन्हा चिकपेट तिच्या मदतीला धावली, किंवा तिच्या मुळावर उठली, काय म्हणाल ते. दुकानात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा भाव सांगायचा नाही, ही अण्णांची दुसरी आज्ञा.

"मॅडम," ती म्हणाली, "दुसऱ्याने काय दिलं ते आम्ही सांगत नाही."

मिसेस शेषगिरींच्या मानेची शीर फुगायला लागली. पण पुष्पावती अम्मांनी दोन्ही हात छातीशी जोडले. "अय्यो, गुप्तदान!" त्या सद्गदित होऊन म्हणाल्या. "त्या बाईंनी आकडा सांगू नको म्हटलं असणार. नाही का गं?"

प्रेमाने मान हलवली. बंगळूरची मान. होयही नाही आणि नाहीही नाही.

एवढं पुरलं. पुष्पावती अम्मांनी स्वतः माईक हातात घेतला. आजकाल लोक दोन रुपये देतात आणि चार ठिकाणी नाव कोरतात, त्या म्हणाल्या, आणि इथे एक माता अशी आहे, की लिलावाची वाट न पाहता, टाळ्यांची अपेक्षा न करता, गुपचूप देऊन मागे बसली आहे. त्यांनी वर यावं. सुनंदाबाई हलल्या नाहीत. शेजारच्या बायकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. मंचावर मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार गळ्यात पडला. पुडकं सोडून टेबलक्लॉथ दोन मुलींनी उंच धरला आणि सगळा शामियाना टाळ्यांनी दुमदुमला. स्वतःच्या पक्ष्याची एवढी कदर झालेली पाहून मिसेस शेषगिरींनी पदराने डोळे टिपले. सुनंदाबाई हसत होत्या. दाताच्या डॉक्टरपुढे माणूस तोंड उघडतं, साधारण तसं ते हसू होतं.

पंधरा मिनिटांत त्या हारासकट स्टॉलवर आल्या. पर्स उघडून टेबलावर आपटली.

"किती देऊ? बोल लवकर. वाटेत चौघींनी नमस्कार केला मला. एक म्हातारी पाया पडायला निघाली होती."

आता प्रेमाने काय करावं? पैसे घ्यावे, डब्यात टाकावे, सगळं मिटलं. पण नाही. "कापडाचे आणखी घेता येणार नाहीत बाई," ती कळवळून म्हणाली. "बोणीच्या मालावर मागाहून पैसे चढवत नाहीत. बोणी उलटते."

"अगं मूर्ख मुली, मी देतेय ना!"

"दुसरं कायतरी घ्या की."

"दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

दोघींनी एकदमच टोपलीकडे पाहिलं. कोंबड्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"केवढ्याला एक?" सुनंदाबाई दगडासारख्या आवाजात म्हणाल्या.

प्रेमाने सवयीने दुप्पट किंमत सांगितली. सुनंदाबाईंनी घासाघीस करायला तोंड उघडलं. पण पलीकडे पुष्पावती अम्मा उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. ते तोंड मिटलं. सबंध टोपली, सांगितल्या भावाने, एका शब्दाविना गेली. लिलावात त्या कापडाला याहून काही फार जास्त आलं नसतं. पाळण्यांचा प्रश्न सुटला. शिवणाच्या बाईंनी तर कोंबड्या संपल्याचं ऐकून पुढच्या वर्षी बदकं करायची घोषणा तिथल्या तिथे करून टाकली.

घरी अण्णांनी सगळं ऐकलं. बोणीला गिऱ्हाईक सोडलं नाहीस, भाव फोडला नाहीस, तेच गिऱ्हाईक फिरून आलं आणि उरलेला माल घेऊन गेलं. यात रडण्यासारखं काय आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. प्रेमालाही रात्रीपर्यंत तसंच वाटू लागलं. रविवारी तिने दावणीला डाव्या खांद्यापाशी स्वतःच इस्त्री केली.

सोमवारी प्रार्थनेनंतर मिसेस शेषगिरी बोलायला उभ्या राहिल्या. प्रेमाच्या विक्रीकौशल्याची त्यांनी तारीफ केली. प्रेमाने एक पाऊल पुढे टाकलं. पण सेवा म्हणजे विक्री नव्हे, बाई पुढे म्हणाल्या. सेवा म्हणजे नाव न घेता देणं. हे संस्कार घरातून येतात, आणि ते कोणत्या घरात आहेत, हे शनिवारी आपण सर्वांनी पाहिलं. लीगची नवी सेक्रेटरी, कल्पना.

पुढे टाकलेलं पाऊल मागे कसं घ्यायचं, याचा शाळेत कोणी धडा दिलेला नव्हता. प्रेमाने वाकून चपलेचा पट्टा नीट केला. टाळ्या मात्र तिने जोरात वाजवल्या. निदान वाजवायला ती विसरली नाही.

मधल्या सुट्टीत कल्पना तिला हुडकत विहिरीमागे आली. चेहरा असा, की जणू बिल्ला नव्हे, इंगळी लावलीय खांद्यावर.

"हा तुझा आहे. मी मॅडमना जाऊन खरं सांगते."

"काय सांगतीस?"

"हेच. आईने काही गुप्तदान वगैरे..."

"सरी, बरं तर, सांग," प्रेमा म्हणाली. "मॅडमना सांग, की तुमचा पक्षी सव्वादोनला गेला. विकणारी मी, घेणारी तुझी आई. आणि त्या पक्ष्याला तिरळा म्हणणारी पण तुझीच आई. मग बघू या आपण दोघी कुठल्या शाळेत जातोय."

कल्पनाला हसू फुटलं, आणि ते तिच्या इस्त्रीला न शोभणारं, नाकातून येणारं हसू होतं. प्रेमा रागावून बसली होती, पण तिलाही आवरेना. हसता हसताच ती थोडं रडून घेऊ शकली, हा त्यातला फायदा.

"आईने घरी काय केलं माहितीये? शेजारच्या सगळ्या घरांत एकेक कोंबडी वाटली. वर सांगितलं, की किंमत विचारू नका."

"शिकल्या म्हणायच्या."

कल्पनाने बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला. प्रेमाने तो उलटसुलट करून पाहिला. वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. कापड पारखतात तशी तिने त्याची मागची बाजू पाहिली. पिन वाकडी होती. तिने ती दातांनी सरळ केली आणि बिल्ला परत कल्पनाच्या दावणीवर लावला. जरा तिरपा लागला. तसाच ठेवला.

"पुढच्या वर्षी मला कोणाकडे काही मागायला लावू नकोस गं," कल्पना काकुळतीला येऊन म्हणाली. "मी लिहीन सगळं, पाहुण्यांना पत्रं पाठवीन. पण स्टॉल तू घे. घेशील ना?"

प्रेमाने नाही म्हणायचं ठरवलं होतं. लीग सोडायची, शुक्रवारी निळी रिबीनसुद्धा लावायची नाही, इथपर्यंत सकाळीच ठरलं होतं. पण आता गिऱ्हाईक गरजू होतं, आणि समोर उभं होतं.

"घेते," ती म्हणाली. "पण एक अट."

"कुठली?"

"तुझ्या आईला दुपारच्या बसने आण."